गेमिंगसाठी जुना प्रोसेसर घ्यावा का? पैसे मोजण्याआधी करायचा हिशेब

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उरकली आणि त्याच आठवड्यात माझा भाचा मोबाईल पुढे करत घरी आला. कोणीतरी विकायला काढलेल्या संगणकाचे फोटो त्यात होते. "मामा, आय-सेव्हन हाय, सोळा जीबी रॅम हाय, बोर्ड आन् कॅबिनेटसकट देतोय. घिऊ का?" फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर कोरलेला नंबर दिसला: आय-७ ४७७०. हा प्रोसेसर २०१३ सालचा आहे. कॉलेजात शिकता शिकता वर्षभर साठवलेले पैसे अशा एका संध्याकाळी खर्ची पडतात आणि ते परत येत नाहीत, म्हणून त्याला जे समजावून सांगितले तेच इथे सविस्तर लिहीत आहे. मोजक्या पैशांत गेमिंगचा संगणक जुळवू पाहणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावे.

सुरुवात नाव नीट वाचण्यापासून करावी. इंटेल कंपनीची आय-३, आय-५, आय-७ ही श्रेणी त्या त्या पिढीपुरतीच खरी असते. पिढी कोणती हे त्यापुढच्या आकड्यावरून कळते. ४७७० मधला ४ म्हणजे चौथी पिढी, १०४०० मधले १० म्हणजे दहावी आणि १२४०० मधले १२ म्हणजे बारावी. ४७७० मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१००एफ मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत. पण त्याचा प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो आणि सोबतची रॅमही अधिक वेगवान असते, त्यामुळे खेळांच्या बाबतीत हा 'लहान' आय-३ त्या 'मोठ्या' आय-७ला सहज मागे टाकतो. केवळ "आय-७ आहे" या शब्दांसाठी जो जास्तीचा भाव मागितला जातो, तो म्हणूनच देऊ नये.

एएमडीच्या रायझनमध्ये नंबर आणखी फसवे आहेत. रायझन ५ ३६०० हा जुलै २०१९ चा आणि रायझन ५ ४५०० हा २०२२ चा, म्हणून दुसरा अधिक चांगला असा समज सहज होतो; पण दोघांची मूळ रचना एकाच पिढीची असून ३६०० ला ३२ एमबी एल-३ कॅश आहे आणि ४५०० ला अवघी ८ एमबी. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी पण अतिशय वेगवान साठवण, आणि खेळांना तिचा फार फायदा होतो. याच कारणाने ५५०० आणि ५६००जी हे १६ एमबी कॅशचे प्रोसेसर ३२ एमबीच्या साध्या ५६०० च्या मागे पडतात. इंटेलच्या नावाअखेरचे 'एफ' हे अक्षरही विसरू नये: त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

आपल्या खेळाला नेमके काय कमी पडते आहे?

हा प्रश्न बहुतेक जण खरेदी झाल्यानंतर विचारतात आणि तिथेच पैसे वाया जातात. खेळातील प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, तयार होताना आधी प्रोसेसर काम करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, कोणती वस्तू कुठे पडली, यातले काय काय रंगवायचे आहे हे तो ठरवतो आणि ती यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो, मग कार्ड ते चित्र रंगवते. दोघांपैकी जो हळू, त्याच्या चालीने फ्रेम येतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ हव्या असतील तर सुमारे ६.९ च. रिझोल्यूशन वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. उलट फ्रेमची संख्या वाढवायची झाली तर प्रोसेसरवरचा भार थेट वाढतो. म्हणूनच ६० किंवा ७५ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर गोष्टीप्रधान खेळ खेळणाऱ्याला जुना प्रोसेसर पुष्कळ दिवस पुरतो आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला तोच अपुरा वाटतो.

ही तपासणी घरी, एक रुपयाही खर्च न करता होते. खेळाच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे साधन लावून पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमची संख्या, कार्डाचा वापर आणि प्रोसेसरचे तापमान दिसेल असे करावे. मग खेळातील एखादी गर्दीची जागा निवडावी, म्हणजे शहराचा चौक किंवा दोन्ही संघ समोरासमोर येतात ते मैदान. रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून घेतलेले आकडे काही सांगत नाहीत. १९२० बाय १०८० वर आकडे लिहून घ्यावेत आणि त्याच जागी १२८० बाय ७२० वर पुन्हा घ्यावेत. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची आहे आणि प्रोसेसर बदलून फारसे काही हाती लागणार नाही. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या आणि कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या बराच खाली असला, तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहते आहे असे समजावे.

इथे टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्क्यांवर विसंबू नये. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकूण वापर ४० टक्केच दिसत असतो आणि तरीही खेळाचा मुख्य भाग ज्या एका थ्रेडवर चालतो तो पूर्ण भरलेला असतो. सरासरी फ्रेमपेक्षा 'एक टक्का लो' हा आकडा अधिक बोलका असतो. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम कोणत्या गतीने आल्या ते तो दाखवतो, आणि ऐन लढाईत बसणारा झटका त्यातूनच कळतो. जुने ४ कोअरचे प्रोसेसर सरासरीत बरे दिसतात, पण या आकड्यात उघडे पडतात.

प्रोसेसर दोषी ठरला तरी लगेच खिशात हात घालू नये, कारण दोन स्वस्त कारणे त्याच्याआड लपलेली असू शकतात. पहिले कारण रॅमचे. पुष्कळ संगणकांत ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली असते, म्हणजे रॅमचे दोनपैकी एकच चॅनेल चालू असते. तेवढ्याच वेगाची दुसरी पट्टी लावली आणि बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू केली तर जुन्या प्रोसेसरमध्येही फरक जाणवतो. दुसरे कारण उष्णतेचे आहे आणि सोलापूरकरांनी ते सगळ्यात आधी तपासावे.

भाच्याचे घर पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांना लागून आहे. त्याच्या घरी आधीपासूनच एक संगणक होता: बी४५० मदरबोर्ड, त्यावर रायझन ३ २२००जी, ८ जीबीची एक पट्टी आणि जीटीएक्स १६५० कार्ड. मी तो उघडला आणि कूलरवरचा पंखा स्क्रू काढून उचलला. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर रुईच्या तंतूंचा करडा थर इतका घट्ट बसला होता की एका कडेने चिमटीत धरून ओढल्यावर तो टॉवेलच्या तुकड्यासारखा सलग सोलून निघाला. त्या पात्यांमधून हवा जायला जागाच उरली नव्हती. कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसरला थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जितकी तापेल तितके अंश प्रोसेसरच्या तापमानातही मिसळतात. डिसेंबरमध्ये २३ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर, बाहेर पारा ४० च्या पुढे गेलेला असताना ३९ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी सुमारे ८६ अंशांवर जातो. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. साफसफाई करून नवी थर्मल पेस्ट लावल्यावर पुन्हा चाचणी घ्यावी आणि मगच प्रोसेसरचा दोष पक्का मानावा.

जुना म्हणजे किती जुना, आणि कशासोबत?

यानंतरचा निर्णय एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुम्ही फक्त प्रोसेसर घेत आहात की त्याच्यासाठी बोर्ड आणि रॅमही घ्यावी लागणार आहे? प्रोसेसर एकटा चालत नाही. माझे ठाम मत असे आहे की घरातल्या बोर्डावर बसणारा जुना प्रोसेसर हा बहुतेक वेळा उत्तम सौदा असतो, आणि जुन्या प्रोसेसरपायी जुना बोर्ड विकत घेणे हा बहुतेक वेळा तोट्याचा.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमुळे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) पहिला मार्ग अनेकांना खुला आहे. २०१७ मध्ये पहिले रायझन ज्या सॉकेटवर आले, त्यावरच नोव्हेंबर २०२० मध्ये ५६००एक्स, एप्रिल २०२२ मध्ये ५६०० आणि ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी आला. म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या बी४५० बोर्डावर, रॅम तीच ठेवून, दोन-तीन पिढ्या पुढचा प्रोसेसर बसवता येतो. साध्या वापरासाठी ५६०० हीच माझी पहिली निवड आहे: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट आणि सोबत येणारा कूलर, तोही सोलापूरच्या उन्हाळ्यात काठावर का होईना पण पुरतो. सेकंडहँड ३६०० बऱ्याच स्वस्तात मिळत असेल तर ७५ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी तोही वाईट नाही. ५८००एक्स३डी मात्र १०५ वॉटचा आहे, त्याच्या खोक्यात कूलर येत नाही आणि त्याची मागणी अजून टिकून असल्याने भावही चढा असतो. ज्याच्याकडे १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर आणि त्याला साजेसे कार्ड आहे त्यानेच तिकडे वळावे.

प्रोसेसर मागवण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डाचे अचूक नाव शोधून, तो प्रोसेसर यादीत आहे का आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते हे पाहावे. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करावे. आधीच काढून टाकला आणि नवा पडद्यावर काहीच दाखवेना, तर ज्या बोर्डांना बायोस फ्लॅशबॅकची (प्रोसेसरशिवायही बायोस बदलण्याची) सोय नसते त्यांच्यासाठी पुन्हा जुनाच प्रोसेसर बसवावा लागतो. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. वळवाच्या पावसाच्या दिवसांत, संध्याकाळी आभाळ भरून आलेले असताना हे काम हाती घेऊ नये. इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडूनच करावे.

इंटेलच्या बाबतीत सॉकेट दिसायला सारखे असूनही फसगत होते. सहाव्या आणि सातव्या पिढीचे बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर या दोघांचे सॉकेट ११५१ च आहे, तरीही आय-५ ८४०० हा जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही. त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. एच११० बोर्डासाठी ८४०० घेऊन घरी आलेला मुलगा मी पाहिला आहे.

दुसरा प्रकार म्हणजे दोन-चार वर्षांपूर्वीचा, पण अजून नवाकोरा, बिलासह मिळणारा प्रोसेसर. ज्याला सगळेच पहिल्यापासून घ्यायचे आहे त्याच्यासाठी आय-५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांसारखा पर्याय मला आजही समंजस वाटतो. १२४००एफ च्या बाराव्या पिढीसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारच्या रॅमचे बोर्ड मिळतात, मात्र एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. एएमडीच्या सप्टेंबर २०२२ मधल्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ च लागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि त्यामुळे ज्याच्या घरी डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या आधीच आहेत त्याच्यासाठी जुन्या सॉकेटवर राहण्याचा हिशेब पूर्वीपेक्षा अधिक बळकट झाला आहे.

तिसरा प्रकार भाच्याच्या मोबाईलमधला: डीडीआर३ काळातला संपूर्ण संच. त्याच वर्गात कमी किमतीत मिळणारे सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर आणि त्यांच्यासाठी बनवलेले एक्स७९ व एक्स९९ बोर्ड येतात. झिऑन ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर आहेत हे वाचून मन भुलते, पण त्याचा सर्वोच्च वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे आणि खेळांना चौदा हळू कोअरपेक्षा सहा चपळ कोअर अधिक उपयोगी पडतात. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने त्याचा वेगळा विचार करावा. खेळासाठी मी तो सुचवणार नाही. एक्स७९ वर बसणाऱ्या ई५ व्ही२ प्रोसेसरमध्ये तर एव्हीएक्स२ या सूचना नाहीतच, आणि ज्या खेळांना त्या लागतात ते तिथे सुरूही होत नाहीत.

सॉफ्टवेअरची अट पैशांनी सुटत नाही, म्हणून ती किमतीच्या आधी पाहावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी अधिकृत मर्यादा सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची झेन+ रचना अशी आहे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. खटपट करून ते जुन्या यंत्रावरही बसवता येते, परंतु काही ऑनलाइन खेळांची फसवणूक-प्रतिबंधक व्यवस्था याच गोष्टी स्वतंत्रपणे तपासते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) हवे असते. बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागते. जो मुलगा मुख्यतः व्हॅलोरंट खेळणार आहे त्याच्यासाठी ४७७० चा विषय इथेच संपतो, मग तो कितीही स्वस्त मिळो.

ग्राफिक्स कार्डाशी जुळणीही पाहावी. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) चारच लेन, म्हणजे मार्गिका, वापरते, त्यामुळे ३.० आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर त्याची कामगिरी स्पष्टपणे घसरते. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनची आहेत, त्यांना हा फटका कमी बसतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असावे लागते आणि आर्क बी५८० ची कामगिरी जुन्या प्रोसेसरसोबत बरीच खाली येते. स्वस्त प्रोसेसरसोबत ते कार्ड घेण्याचा विचार असेल तर तो बदलावा.

कागदावरचा हिशेब

मी भाच्याला वहीत दोन रकाने आखायला सांगितले. डाव्या रकान्यात आज लागणारा एकूण खर्च: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर, पेस्ट, जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुरत नसेल तर तोही, आणि नव्या मालावरचा १८ टक्के जीएसटी भावात धरला आहे की नाही याची नोंद. उजव्या रकान्यात, दोन वर्षांनी पुन्हा पुढे जायचे ठरल्यास यातले काय काय नव्या संगणकात नेता येईल आणि उरलेले विकून काय मिळेल. उदाहरणादाखल, डीडीआर३ चा संच १० हजारांना मिळतो आणि बारावी पिढी बोर्ड-रॅमसह २० हजारांना, असे धरू. पहिल्या संचातली रॅम, बोर्ड, प्रोसेसर यांतले काहीही पुढे जाणार नाही; दुसऱ्यात त्याच बोर्डावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसवता येतो. दोन वर्षांनी पहिल्याचे २ हजार आणि दुसऱ्याचे १० हजार आले, तर दोघांचा खरा खर्च अनुक्रमे ८ आणि १० हजार होतो. वरवर दिसणारा १० हजारांचा फरक प्रत्यक्षात दोनच हजारांचा उरतो, आणि त्या दोन हजारांत दोन वर्षांचा सुरळीत खेळ येतो. आकडे तुमच्या दिवशीच्या बाजारभावाने बदलून घ्यावेत, पद्धत तीच ठेवावी. वीजबिलाची मात्र फार धास्ती घेऊ नये: जुना प्रोसेसर ४० वॉट जास्त घेत असेल आणि रोज चार तास खेळ चालत असेल, तर महिन्याला पाचपेक्षाही कमी युनिट वाढतात.

कुठून घ्यायचे याचाही हिशेबात समावेश असावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये भाव कमी मिळतो हे खरे आहे, आणि पूर्व भागातल्या अनेकांचे हैदराबादला जाणे-येणे असल्याने तिथून माल आणणे सोयीचेही पडते. पण माल सदोष निघाला तर तीन-चारशे किलोमीटर परत जावे लागते. नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराने पाचशे रुपये जास्त घेऊन पक्के बिल आणि पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिली, तर मी तिथूनच घेईन.

सेकंडहँड माल हातात आल्यावर

प्रोसेसर सहसा बिघडत नाही. बिघडतात ते बोर्ड. त्यामुळे सेकंडहँड प्रोसेसर आणि नवा बोर्ड ही जोडी मला सर्वात निर्धोक वाटते. अपवाद इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचा. जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, त्यावर बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधी झालेली झीज त्या दुरुस्तीने भरून निघत नाही. आय-५ १३६००के पासून पुढचा असा प्रोसेसर मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असल्याशिवाय सेकंडहँड घेऊ नये. बाराव्या पिढीला हा दोष नाही.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, इंटेलच्या ११५१, १२०० आणि १७०० सॉकेटच्या बोर्डावर. ज्याच्या अंगाला पिना आहेत तो भाग उजेडात धरून, नजर पिनांच्या रांगेला समांतर ठेवून, चारही बाजूंनी पाहावा. सरळ रांगेत एखादी पिन वाकलेली असली की ती लगेच खुपते. हे मी पैसे मोजून शिकलो आहे. कुरिअरने मागवलेला एक जुना बोर्ड व्यवस्थित सुरू झाला, विंडोज चालले, खेळही चालला, पण १६ जीबीऐवजी ८ च जीबी दिसत होती. रॅम बदलून, पुसून, स्लॉट बदलून दोन दिवस गेले. शेवटी प्रोसेसर काढून भिंगाने पाहिले, तर सॉकेटच्या कडेला एकच पिन शेजारणीवर टेकली होती आणि रॅमचे एक चॅनेल त्यामुळे बंद होते. विकणाऱ्याने "माझ्याकडे चालत होता" एवढेच उत्तर दिले. फोटोत सॉकेट झाकलेले होते, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

शक्य असेल तेव्हा माल चालू स्थितीत पाहावा. सीपीयू-झेडमध्ये दिसणारे नाव आणि टोपणावर कोरलेला नंबर जुळतात का ते पाहावे. टोपणावर 'कॉन्फिडेन्शिअल' असे कोरलेले असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो आणि त्यावर वॉरंटी नसते. खोक्यात मिळणाऱ्या प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणून बिलाची तारीख विचारावी. सिनेबेंच ही प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी किमान दहा मिनिटे सलग चालवून एचडब्ल्यू-इन्फोमध्ये तापमान आणि वेग पाहावा, आणि घरी आणल्यावर टेस्टिंग वॉरंटीच्या मुदतीतच एक रात्रभर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ चालवावे. एएम४ वरचा कूलर काढताना आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करावी, बंद करून प्लग काढावा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवून मगच उचलावा. थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेली पेस्ट प्रोसेसरलाही सॉकेटमधून ओढून काढते आणि पिना वाकतात.

भाच्याने तो आय-७चा संच घेतला नाही. रुई काढली, त्याच वेगाची आणखी एक ८ जीबीची पट्टी लावली आणि चाचणी पुन्हा घेतली. व्हॅलोरंटमध्ये रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नव्हत्या, म्हणजे २२००जी चे चार कोअर आणि चार थ्रेडच आता अपुरे पडत होते. बायोस अद्ययावत करून त्याने पक्क्या बिलावर ५६०० बसवला आणि आता रिझोल्यूशन बदलले की फ्रेमही बदलतात, म्हणजे अडचण १६५० कार्डाकडे सरकली आहे. जुना २२००जी त्याने विकलेला नाही. त्यात स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि ५६०० मध्ये नाही. उद्या कार्ड बिघडले तर पडद्यावर चित्र आणायला तोच कामी येईल. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो, म्हणून तो पुन्हा एकदा बसवून चालतो याची खात्री केली, पिना खालच्या बाजूला येतील असा मूळ प्लास्टिकच्या साच्यात ठेवला आणि खोक्यावर बायोसची आवृत्ती व तारीख लिहून टाकली.